धरणापासून नळापर्यंतचा हिशेब

पुणे महापालिकेने चोवीस तास समान पाणीपुरवठ्याची योजना आखली तेव्हा तिच्यात तीन मोठी कामे होती: ऐंशीहून अधिक साठवण टाक्या, दीड हजार किलोमीटरहून अधिक लांबीच्या जलवाहिन्या आणि सुमारे तीन लाख मीटर. टाक्यांच्या जागांवरून अडचणी आल्या, रस्ते खोदून ठेवल्यामुळे लोक वैतागले, पण खरा विरोध झाला तो मीटरला. काही भागांत मीटर बसवायला आलेल्या माणसांना रहिवाशांनी परत पाठवले. सध्या बिल मीटरवर येणार नाही, आत्ता फक्त मोजणी होईल, असे प्रशासन सांगत राहिले. लोकांचा त्यावर विश्वास बसला नाही.

या अविश्वासाला पार्श्वभूमी आहे. पुण्यात घरगुती पाणीपट्टी मिळकतीच्या करयोग्य मूल्यावर ठरते आणि मिळकतकराच्या बिलातच येते. किती पाणी वापरले याच्याशी तिचा संबंध नाही. एखाद्या वाड्यात दोन तास बारीक धार येते, एखाद्या सोसायटीच्या टाकीत दिवसभर पाणी पडत राहते, आणि दोघांचे बिल घराच्या मूल्यावरच निघते. मीटर आला की हे नाते बदलणार. ते बदलू नये असे माझे म्हणणे नाही. मोजणीशिवाय शहराचे पाणी नीट वाटता येणार नाही, हे मला पटलेले आहे. पण मोजणीची सुरुवात कुठून करायची आणि मोजलेले आकडे कुणाला दिसायचे, हे दोन प्रश्न सोडून मीटरची चर्चा होत राहिली. गेल्या वीस वर्षांत पुणे, नागपूर, मुंबई, दिल्ली आणि अमेरिकेतल्या काही शहरांत जे घडले ते एकत्र ठेवले, तर मीटरचे भांडण बहुतेक ठिकाणी कागदपत्रांच्या भांडणाशी जाऊन मिळते.

आधी मीटरची बाजू. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये पाणीपुरवठ्याच्या सेवेचे मापदंड ठरवले: माणशी रोज १३५ लिटर, चोवीस तास पुरवठा, शंभर टक्के नळजोडांना मीटर आणि हिशेबाबाहेरचे पाणी जास्तीत जास्त २० टक्के. हिशेबाबाहेरचे पाणी म्हणजे शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडलेले, पण ज्याचे बिल कधीच निघाले नाही असे पाणी. त्यात फुटक्या जोडांतून जमिनीत मुरणारे येते, बेकायदा जोडांतून जाणारे येते, बंद मीटरमधून जाणारे येते आणि मंदिर, मशीद, सार्वजनिक नळ यांना विनामूल्य दिलेलेही येते. पुण्यात पुरवलेल्या पाण्यापैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक असे जाते, असे महापालिकेचेच अधिकारी वेळोवेळी सांगत आले आहेत. पण हा आकडा अंदाजाचा आहे. जिथे टाकीच्या तोंडाशी आणि नळाच्या तोंडाशी दोन्हीकडे मीटर नाहीत, तिथे मधली गळती मोजणार कशी?

मुंबईबद्दल हाच मुद्दा मानववंशशास्त्रज्ञ निखिल आनंद यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात फार बारकाईने मांडला आहे. महापालिकेच्या अभियंत्यांबरोबर काम करताना त्यांना दिसले की पाण्याचे लेखापरीक्षण करायचे म्हटले तरी ज्या मीटरांवर ते उभे करायचे त्यांचाच भरवसा नाही. गळतीचा आकडा मग शोधलेला राहत नाही, ठरवलेला होतो. मुंबईला सात तलावांतून रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी मिळते. इतक्या मोठ्या व्यवहारात एक टक्क्याची चूक म्हणजे एका मध्यम शहराचे पाणी.

पुण्यात या अंदाजाला आणखी एक पदर आहे, आणि तो शहराबाहेर जातो. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांतले पाणी एकट्या पुण्याचे नाही. मुठा कालव्याच्या आवर्तनावर दौंड, इंदापूरपर्यंतची शेती अवलंबून आहे. जुन्या करारातला शहराचा कोटा साडेअकरा टीएमसीचा, प्रत्यक्ष उचल त्याहून कितीतरी अधिक. दर वर्षी जलसंपदा विभाग म्हणतो महापालिका जास्त पाणी घेते, महापालिका म्हणते लोकसंख्या वाढली, हद्द वाढली, गावे आत आली. दोघांचे आकडे जुळत नाहीत, कालवा समितीच्या बैठकीत वाद होतो, आणि उन्हाळ्यात कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी पाटाकडे बघत बसतो. म्हणून मला वाटते की पुण्यातला सर्वांत महत्त्वाचा मीटर कुणाच्या घराच्या नळावर नाही. धरणातून शहराकडे जाणाऱ्या मोठ्या वाहिन्यांवर, शुद्धीकरण केंद्रांच्या बाहेर आणि योजनेतल्या १४१ विभागांच्या तोंडाशी जे मीटर हवेत, ते पहिले. तिथले रोजचे रीडिंग नागरिकांना आणि दौंडच्या शेतकऱ्याला एकाच वेळी दिसले, तर निम्मा वाद तिथेच मिटेल. घरगुती मीटर त्यानंतरची पायरी आहे. महापालिकेने लोकांसमोर मात्र आधी तीच पायरी आणली.

यंत्राबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण सभागृहातल्या चर्चेत ते बहुधा राहून जाते. जुना यांत्रिक मीटर पाण्याच्या प्रवाहाने फिरणाऱ्या छोट्या चक्रावर चालतो. वर्षे जातात तशी चक्राची झीज होते, गाळ बसतो आणि मीटर कमी नोंदवू लागतो. बारीक धार तर त्याच्या नजरेतूनच सुटते. त्यामुळे जुना मीटर काढून नवा बसवला की वापर तेवढाच असूनही बिल वाढते आणि लोक म्हणतात, नवा मीटर पळतो. काही वेळा तो खरोखर पळतोही. ज्या शहरात पाणी दिवसातून दोन-तीन तास येते तिथे नळ्या रोज रिकाम्या होतात आणि पाणी सोडले की आधी आतली हवा जोरात बाहेर पडते. ती हवा चक्र फिरवते, मीटर बिघडवते, आणि नागरिकाच्या नावावर पाण्याऐवजी वारा चढतो. ध्वनिलहरींवर चालणाऱ्या नव्या मीटरमध्ये फिरणारा भागच नसतो, रीडिंग रेडिओलहरींनी दुरूनच घेता येते. पण त्याची बॅटरी संपते, किंमत जास्त असते, आणि तो नीट चालायचा तर नळी सतत भरलेली असावी लागते. थोडक्यात, आधी पुरवठा अखंड करायचा आणि मग मीटरवर बिल काढायचे, हाच क्रम अभियांत्रिकीच्या दृष्टीने बरोबर आहे.

अखंड पुरवठ्याचा फायदा केवळ मीटरला होतो असेही नाही. हुबळी-धारवाड, बेळगाव आणि कलबुर्गी या शहरांच्या काही प्रभागांत २००८ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने चोवीस तास पाणी सुरू झाले. बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी हुबळी-धारवाडमध्ये दोन्ही प्रकारच्या प्रभागांतले नळाचे पाणी तपासले. खंडित पुरवठ्याच्या भागात जवळजवळ तिसऱ्या हिश्शाच्या नमुन्यांत मैलामिश्रणाचे जिवाणू सापडले. अखंड पुरवठ्याच्या भागात एक टक्क्याहून कमी नमुन्यांत. नळी रिकामी राहिली की बाजूच्या गटारातले पाणी फटीतून आत येते. लहान मुलांच्या पोटाशी थेट जोडलेली ही गोष्ट आहे, आणि चोवीस तास पाण्याला चैन म्हणणाऱ्यांनी ती लक्षात घ्यावी.

आपल्याकडे हे आधी जमले ते एका लहान गावाला. कराडजवळच्या मलकापूरने, लोकसंख्या तीस हजारांच्या आसपास असताना, महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीने २००९ च्या सुमारास चोवीस तास पाणी आणि दुरून रीडिंग घेता येणारे मीटर दोन्ही आणले. वापर वाढत जाईल तसा दरही टप्प्याटप्प्याने चढतो. लहान गावात बिल चुकले तर माणूस नगरपंचायतीत जाऊन समोरासमोर विचारू शकतो, दाखवा म्हणू शकतो. मलकापूरच्या यशात नळ्यांइतकाच याचाही वाटा असावा असे माझे मत आहे.

नागपूरची वाट वेगळी. धरमपेठ झोनमधल्या प्रायोगिक प्रकल्पानंतर महापालिकेने २०१२ मध्ये २५ वर्षांच्या करारावर सगळ्या शहराचा पुरवठा ऑरेंज सिटी वॉटर या कंपनीकडे सोपवला. फ्रान्सची व्हेओलिया आणि विश्वराज यांची ही भागीदारी. नळजोड बदलले, मीटर बदलले, काही वस्त्यांना आयुष्यात पहिल्यांदा घरात नळ मिळाला. त्याचबरोबर वाढीव बिलांच्या तक्रारी नगरसेवकांनी सभागृहात वारंवार मांडल्या. अशा व्यवस्थेत तक्रार कुणाकडे करायची हे कळते, पण करारातली कोणती अट पाळली गेली आणि कोणती नाही, हे सामान्य ग्राहकाला कुठे पाहायला मिळणार? करार खासगी कंपनीबरोबर झाला की कागद महापालिकेच्या हातातून अर्धवट निसटतो.

कागद हाती आला तर काय होऊ शकते याचे उदाहरण दिल्लीत आहे. तिथल्या जल बोर्डाने जागतिक बँकेच्या कर्जातून चोवीस तास पाण्याची योजना आखली होती. 'परिवर्तन' या संघटनेने दिल्लीच्या २००१ च्या माहिती अधिकार कायद्याखाली त्या योजनेच्या फायली मागितल्या, अपिले केली, आणि हजारो पाने मिळवली. सल्लागार निवडताना प्राइसवॉटरहाउसकूपर्स ही कंपनी स्पर्धेत राहावी म्हणून बँकेने कसा पुन्हापुन्हा आग्रह धरला, हे त्या पत्रव्यवहारातून बाहेर आले. योजनेवर उघड चर्चा झाली आणि २००५ अखेर दिल्ली सरकारने कर्जाचा प्रस्ताव मागे घेतला. योजना चांगली होती की वाईट, यावर आजही दोन मते आहेत. पण तोवर बंद खोलीत चाललेली गोष्ट शहरासमोर आली, ती केवळ फायली मिळाल्यामुळे. मुंबईत अंधेरी-जोगेश्वरीच्या के-पूर्व विभागात बँकेच्याच मदतीने सल्लागार नेमून झालेल्या अभ्यासालाही 'मुंबई पाणी' गटाने असेच प्रश्न विचारले होते.

पुण्यात कागदपत्रांचा हा प्रश्न जून २०१७ मध्ये आला. योजनेसाठी महापालिकेने २०० कोटींचे कर्जरोखे ७.५९ टक्के व्याजाने काढले, ते मुंबई शेअर बाजारात नोंदवले गेले, देशभर कौतुक झाले. त्यानंतर कामाच्या निविदा अंदाजापेक्षा बऱ्याच चढ्या आल्याचे उघड झाले, संगनमताचे आरोप झाले, आणि महापालिकेला त्या रद्द करून पुन्हा मागवाव्या लागल्या. दुसऱ्या फेरीत रक्कम शेकडो कोटींनी उतरली. मधल्या काळात काम सुरू नव्हते आणि रोख्यांवरचे व्याज मात्र चालू होते. सजग नागरिक मंचासारख्या संस्थांनी आणि विरोधी नगरसेवकांनी आकडे मांडले नसते तर पहिल्याच निविदांवर शिक्कामोर्तब झाले असते, असे मानायला जागा आहे.

माहिती अधिकाराशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. केंद्राच्या आधी राज्याचा कायदा आला, आणि अण्णा हजारे यांच्या ऑगस्ट २००३ मधल्या उपोषणानंतर त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. केंद्रीय कायदा १२ ऑक्टोबर २००५ रोजी अमलात आला त्याच दिवशी देशातला पहिला अर्ज पुण्यात दाखल झाला. दहा रुपयांचा अर्ज, दोन रुपयाला एक पान, तीस दिवसांत उत्तर, हे आता सगळ्यांना माहीत असते. मीटरच्या संदर्भात उपयोगी पडणारी कलमे मात्र फारशी वापरली जात नाहीत. कलम ४ सांगते की लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे धोरण ठरवताना त्यासंबंधीची सगळी वस्तुस्थिती, कुणी अर्ज करण्याची वाट न पाहता, जाहीर करायला हवी. मीटर धोरण यात बसत नसेल तर दुसरे काय बसेल? कलम २ मधली व्याख्या त्याहून पुढे जाते: नागरिकाला कामाची प्रत्यक्ष पाहणी करता येते आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेता येतात. म्हणजे ठेकेदाराने आणलेल्या मीटरांच्या खेपेतला नमुना मागता येतो, कसोटीचा अहवाल पाहता येतो.

अडथळेही तितकेच खरे आहेत. व्यापारी गोपनीयतेचे कारण देऊन कलम ८ खाली ठेकेदाराशी झालेले करार नाकारले जातात, जरी त्याच कलमात व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची तरतूद आहे. राज्याने २०१२ मध्ये नियम बदलून अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांत बसवायला लावला. पाण्याच्या योजनेबद्दल विचारायचे तर टाकी, वाहिनी, मीटर आणि दर असे चार अर्ज करावे लागतात. आणि अपील? सतर्क नागरिक संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार महाराष्ट्राच्या माहिती आयोगापुढे एक लाखाहून अधिक प्रकरणे पडून होती. दुसऱ्या अपिलाची सुनावणी लागेपर्यंत मीटर बसून, बिघडून, बदलायलाही आलेला असतो.

या सगळ्यात पुणे महापालिकेने केलेली एक गोष्ट मला मनापासून मोलाची वाटते. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत कुणीही नागरिक कार्यालयात जाऊन फायली पाहू शकेल, ही व्यवस्था तिथे नागरी संघटनांच्या पाठपुराव्यातून सुरू झाली. पुढे नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारने तीच पद्धत जिल्हा कार्यालये आणि स्थानिक संस्थांना लागू केली. अर्ज नाही, तीस दिवस नाहीत, अपील नाही. ती अनेक कार्यालयांत आज नावापुरती उरली आहे, कारण फाईल 'साहेबांच्या टेबलावर' असते. तरीही वाट तयार आहे आणि ती वापरली पाहिजे.

कारण दुसरी वाट मधल्या काळात बंद होती. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर पुणे, मुंबई, नागपूर यांसारख्या महापालिकांत कित्येक वर्षे निवडून आलेले सभागृहच नव्हते. प्रशासक प्रस्ताव मांडणार आणि प्रशासकच मंजूर करणार. लेखी प्रश्न विचारणारा नगरसेवक नाही, स्थायी समितीत हटकणारे कुणी नाही. २००९ मध्ये कायद्यात आणलेली क्षेत्रसभा तर जवळजवळ कुठेच भरली नाही. मीटर बसवण्याचे बरेचसे काम आणि त्यावरचा खर्च याच काळात पुढे सरकला. त्या वर्षांच्या नोंदी उघडणे म्हणूनच अधिक निकडीचे आहे.

मीटरांचे कामच चुकीचे निघाले तर काय होते, ते अमेरिकेत दिसले. मिसिसिपी राज्याची राजधानी जॅक्सन इथे घाईने घेतलेल्या मीटरांची किंमत शहराने मोजली. सीमेन्स कंपनीशी सुमारे ९ कोटी डॉलरचा करार झाला. मीटर, बिलांची यंत्रणा, सगळे नवे. काही मीटर घनफुटांऐवजी गॅलनमध्ये मोजत होते. कुणाला प्रचंड बिले आली, कुणाला महिनोन्महिने आलीच नाहीत, वसुली कोसळली. शहराने २०१९ मध्ये दावा लावला आणि २०२० मध्ये ८.९८ कोटी डॉलरची तडजोड झाली. त्यातला सुमारे एक तृतीयांश भाग वकिलांच्या फीत गेला. ऑगस्ट २०२२ मध्ये शहराचे शुद्धीकरण केंद्र बंद पडले आणि दीड लाख लोकांच्या नळाला पाणी उरले नाही. केंद्र बंद पडण्याला अनेक कारणे होती, पण दुरुस्तीसाठी तिजोरीत पैसा नसण्यामागे त्या मीटरांचाही हात होता.

आणखी एक बाजू आहे, आणि उघडेपणाचा आग्रह धरणाऱ्यांना ती अवघड जाते. तासातासाला नोंद करणारा मीटर घरातली माणसे कधी उठतात, कधी गावाला जातात, हेही सांगतो. आर्कान्सा राज्यात २०१५ मध्ये एका मृत्यूच्या तपासात पोलिसांनी घरच्या पाण्याच्या मीटरचे रीडिंग पुरावा म्हणून पुढे केले: रात्री १ ते ३ या वेळेत ५०० लिटरहून अधिक पाणी वापरले गेले होते, म्हणजे काहीतरी धुतले गेले असावे. पुढे खटला मागे घेतला गेला. पण घराच्या नळाने घरमालकाविरुद्ध साक्ष देण्याची ती सुरुवात होती. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला असताना उलटा प्रश्न आला. पत्रकारांनी शोधून काढले की लॉस एंजेलिसच्या बेल एअर भागातल्या एका घराने वर्षात साडेचार कोटी लिटरच्या आसपास पाणी वापरले. नाव सांगायला शहराने नकार दिला, राज्याचा सार्वजनिक नोंदींचा कायदा ग्राहकांची माहिती झाकण्याची मुभा देत होता. ओकलंडकडच्या पाणीसंस्थेने मात्र अतिवापर करणाऱ्यांची नावे जाहीर केली. पुढे २०१६ मध्ये राज्याने कायदाच केला: दुष्काळात मर्यादा ओलांडणाऱ्यांची नावे लपणार नाहीत.

आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने माहिती अधिकारातले खासगीपणाचे कलम बदलून ते फार रुंद केले आहे. आधी जनहिताची तुलना त्याच कलमात होती, ती काढली गेली. उद्या एखाद्या टँकरमालकाच्या किंवा वॉटर पार्कच्या नळजोडाचा वापर विचारला तर 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार येऊ शकतो. हे मला धोक्याचे वाटते. घरगुती ग्राहकाचे तासाचे रीडिंग त्याच्याशिवाय कुणालाही मिळू नये, पोलिसांनाही न्यायालयाच्या आदेशाशिवाय नाही. व्यापारी आणि मोठ्या जोडांचा महिन्याचा वापर, विभागवार आवक-जावक, बंद मीटरांची संख्या, कसोटीत नापास झालेल्या मीटरांची टक्केवारी, ठेकेदाराला लावलेला दंड, हे सगळे न मागता संकेतस्थळावर असावे. दोन्हींमधली रेघ काढणे कठीण नाही. ती कुणी अद्याप काढलेली नाही, आणि ती अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडली तर उलटीच पडेल: नागरिकाचे रीडिंग ठेकेदाराकडे आणि ठेकेदाराचा करार कुलपात.

महापालिकांत सभागृह बसले की पाणीपुरवठ्याचा विषय पहिल्या काही बैठकांत येतोच. तेव्हा दरवाढीच्या किंवा मीटरच्या पुढच्या टप्प्याच्या प्रस्तावाआधी नगरसेवकांनी तीन कागद मागावेत: धरणापासून टाकीपर्यंतच्या मोठ्या मीटरांची मागच्या बारा महिन्यांची रीडिंग, प्रशासकांच्या काळात मंजूर झालेल्या खर्चाची यादी, आणि आतापर्यंत बसवलेल्या मीटरांपैकी आज किती चालू आहेत याचा प्रभागवार तक्ता. ते पटलावर आले की त्याच दिवशी संकेतस्थळावर जावेत. आणि ते येईपर्यंत कुठल्याही घराला मीटरवर बिल जाऊ नये.